डिस्नीचे इतके धंदे एका छताखाली बसतात कसे? (आणि दर काही वर्षांनी फेरमांडणी का?)

उनाड_पारवा

सध्या डिस्नीचे जुने वार्षिक अहवाल वाचत बसलोय. गुंतवणूक वगैरे काही नाही, निव्वळ रिकामपण.

चित्रपट, टीव्ही वाहिन्या, स्ट्रीमिंग, खेळांचं प्रक्षेपण, थीम पार्क, हॉटेलं, प्रवासी जहाजं, खेळणी, पुस्तकं. यातल्या निम्म्या धंद्यांचा उरलेल्या निम्म्यांशी वरवर तरी संबंध दिसत नाही. आणि यांची मांडणी सतत बदलते. २०१८ मध्ये चार गट केले. २०२० मध्ये ते मोडले. २०२३ मध्ये पुन्हा मोडून तीन केले: एंटरटेनमेंट, स्पोर्ट्स आणि एक्सपीरियन्सेस.

माझं मत असं की नवा साहेब आला की पाट्या बदलतो, खाली सगळं तसंच चालू राहतं. तुमचं काय म्हणणं? शिवाय दोन शंका. एक, असे धंदे वाटायचा निकष काय असतो? दोन, चित्रपटातल्या पात्राची बाहुली विकली गेली तर ते पैसे कुणाच्या खात्यात जातात, चित्रपटवाल्यांच्या की बाहुलीवाल्यांच्या?

---

बोका_दि_ग्रेट

मी पयला! आता वाचतो.

---

ताळेबंद

चांगला विषय. थोडं हिशेबाच्या बाजूने लिहितो.

अहवालात दिसणारे तीन 'सेगमेंट' म्हणजे तीन कंपन्या नव्हेत. कायदेशीर कंपन्या खाली शेकड्यांनी असतात. अमेरिकी लेखांकनाच्या नियमाप्रमाणे, कंपनीतला मुख्य निर्णयकर्ता (म्हणजे बहुधा सीईओ) पैसे वाटताना आणि कामगिरी तपासताना धंद्याकडे ज्या तुकड्यांत पाहतो, तेच तुकडे भागधारकांना दाखवावे लागतात. म्हणजे मांडणी खरोखर बदलली तरच अहवालातले गट बदलतात. नुसती पाटी बदलून भागत नाही.

सप्टेंबर २०२४ अखेरच्या वर्षाचे आकडे, अब्ज डॉलरमध्ये:

एंटरटेनमेंट: महसूल ४१.२, नफा ३.९
स्पोर्ट्स: महसूल १७.६, नफा २.४
एक्सपीरियन्सेस: महसूल ३४.२, नफा ९.३

(नफा म्हणजे सेगमेंटचा कार्यचालन नफा. व्याज, कर वगैरे त्यानंतर.)

यावरून तुम्हीच सांगा, ही चित्रपट कंपनी आहे की पार्क आणि जहाजांची? एकूण १५.६ पैकी साधारण साठ टक्के नफा एका खात्यातून येतो, आणि त्या खात्यात एकही चित्रपट बनत नाही.

---

अश्विनी७

ताळेबंद, तुमच्या तीन महसुलांची बेरीज ९३ येते. पण त्या वर्षाचा एकूण महसूल मी ९१.४ वाचलाय. मधले दीड अब्ज कुठे गेले?

---

बोका_दि_ग्रेट

उंदीर.

---

ताळेबंद

@अश्विनी७, बारीक नजर आहे. कुठेही गेले नाहीत, ते घरातल्या घरात फिरले. एबीसी वाहिनी एंटरटेनमेंटकडे आहे, पण तिच्यावर दिसणारे सामने स्पोर्ट्सवाले बनवतात. त्याबद्दल एंटरटेनमेंट स्पोर्ट्सला पैसे देतं. हुलू या डिस्नीच्याच स्ट्रीमिंग सेवेच्या लाइव्ह टीव्हीवर ईएसपीएन ही डिस्नीची खेळवाहिनी दाखवायची तर तिथेही तसंच. स्पोर्ट्सच्या वहीत ती कमाई आणि एंटरटेनमेंटच्या वहीत तो खर्च. कंपनी म्हणून एकत्र बघताना बाहेरून काहीच आलेलं नसतं, म्हणून ती रक्कम वजा होते.

धागाकर्त्याच्या बाहुलीचं उत्तर याच जातीचं आहे. खेळणी, कपडे, पुस्तकं यांचं लायसन्सिंग एक्सपीरियन्सेसमध्ये येतं, म्हणजे पार्कवाल्यांच्या खात्यात. बाहुली बहुतेक वेळा डिस्नी स्वतः बनवत नाही. बनवणारा विक्रीवर रॉयल्टी देतो, ती आधी तिथे जमा होते. पण पात्र चित्रपटवाल्यांनी घडवलेलं असल्यामुळे त्यातला एक वाटा रॉयल्टी म्हणून आतल्या आत एंटरटेनमेंटकडे वळता होतो.

---

उनाड_पारवा

म्हणजे त्या वाट्याची टक्केवारी ठरवायला वर्षातून एकदा मारामारी होत असणार!

---

मृण्मयी_के

होते. वर्षातून एकदाच होते असा मात्र गैरसमज नको. :) सविस्तर नंतर लिहिते.

---

पिंपळावरचा_मुंजा

'संबंध दिसत नाही' याला माझा सपशेल विरोध.

१९५७ चा एक प्रसिद्ध तक्ता आहे, वॉल्ट डिस्नी प्रॉडक्शन्सच्या काळातला. मधोमध स्टुडिओ आणि चित्रपट. भोवती टीव्ही, संगीत, कॉमिक्स, मालाचं लायसन्सिंग, डिस्नीलँड. आणि त्यांच्यात नुसते बाण. चित्रपट गाण्यांना चाल पुरवतो, गाणी चित्रपट लोकांच्या डोक्यात ठेवतात, टीव्ही पार्कची जाहिरात करतो, पार्क टीव्हीला मजकूर देतं. आजच्या कंपनीची बीजं त्या एका कागदावर आहेत.

आणि हे नुसतं कागदावर नव्हतं. पार्क बांधायला पैसे नव्हते तेव्हा वॉल्टने एबीसीला टीव्ही कार्यक्रम दिला आणि बदल्यात एबीसीने पार्कमध्ये पैसे घातले, कर्जाला हमी दिली, सुमारे एक तृतीयांश हिस्सा घेतला. १९५५ मध्ये पार्क उघडलं. १९६० मध्ये डिस्नीने तो हिस्सा परत विकत घेतला. पुढे १९९६ मध्ये अख्खी एबीसीच गिळली, १९ अब्ज डॉलरना, आणि तिच्या पोटातून ईएसपीएन आली.

त्याच्या आधी १९५३ मध्ये वितरणाची स्वतःची कंपनी काढली होती, ब्युएना व्हिस्टा. तोवर चित्रपट आरकेओ या दुसऱ्या स्टुडिओमार्फत जायचे. बनवणारा आणि विकणारा यांचं नातं काय असावं, हा प्रश्न सत्तर वर्षं जुना आहे. २०२० ची भानगड त्याच प्रश्नाची आहे.

---

चष्मिष

मुंजा आले की धागा उद्बोधक होतो. +१.

ते बाण आज मात्र तितके सरळ राहिलेले नाहीत. तेव्हा सगळं एका माणसाच्या डोक्यात होतं.

---

पिंपळावरचा_मुंजा

दोन माणसांच्या. पैशाची बाजू भाऊ रॉय बघायचा, त्याला विसरू नका. सगळे विसरतात.

---

जुनाजाणता

२०२० ची भानगड थोडक्यात सांगतो, कारण पारव्याच्या 'पाट्या बदलतात' या मताला ती सगळ्यात चांगलं उत्तर आहे.

ऑक्टोबर २०२० मध्ये तेव्हाचे सीईओ बॉब चेपेक यांनी एक नवीन खातं काढलं: मीडिया अँड एंटरटेनमेंट डिस्ट्रिब्युशन. प्रमुख करीम डॅनियल. स्टुडिओ, मालिका आणि खेळ या तीन निर्मिती गटांनी फक्त माल बनवायचा. तो थिएटरात जाणार, वाहिनीवर जाणार की थेट डिस्नी प्लसवर, हे हे खातं ठरवणार. त्याहून मोठी गोष्ट, नफ्या-तोट्याची जबाबदारीही याच खात्याकडे.

कालपर्यंत जो स्टुडिओप्रमुख 'माझा चित्रपट, माझं बजेट, माझी तारीख' म्हणत होता, त्याच्या हातात आता फक्त चित्रपट उरला. तारीखही गेली आणि वहीही (नफ्या-तोट्याचा हिशेब) गेली. हॉलिवूडमध्ये माणसाचं वजन याच दोन गोष्टींवर ठरतं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चेपेकांच्या आधीचे सीईओ बॉब आयगर त्यांच्या जागी परत आले. दुसऱ्याच दिवशी डॅनियल बाहेर पडणार असं जाहीर झालं आणि खातं मोडायचं ठरलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये आजचे तीन गट आले. तेव्हा एंटरटेनमेंट डेना वॉल्डन आणि अ‍ॅलन बर्गमन यांच्याकडे मिळून, ईएसपीएन जिमी पिटारोंकडे, पार्क जॉश डमारोंकडे. त्याच दिवशी ७,००० नोकऱ्या कमी करणार आणि ५.५ अब्ज डॉलरचा खर्च वाचवणार हेही सांगितलं.

पाट्या बदलायला कुणी दुसऱ्या दिवसाचा मुहूर्त शोधत नाही.

---

चष्मिष

जुनाजाणता, चेपेकांना फासावर चढवण्याआधी एक मिनिट.

२०२० साल आठवा. थिएटरं बंद, पार्क बंद, जहाजं बंदरात. फॉक्सच्या ७१ अब्ज डॉलरच्या खरेदीनंतरचं कर्ज डोक्यावर. चालू होतं ते एकच, डिस्नी प्लस. अशा वेळी 'हा चित्रपट कुठे दाखवायचा' हे स्टुडिओप्रमुखाला विचारलं, तर तो थिएटरच म्हणणार. त्याचं नाव, त्याचा बोनस, त्याचे कलाकार सगळे तिथे बांधलेले. वाहिनीप्रमुख वाहिनी म्हणणार. स्ट्रीमिंगला कुणीच आपलं मूल देणार नाही. मग निर्णय वरच्या तिसऱ्याकडे नेण्यात चूक काय?

आणि ही कल्पना आभाळातून पडली नव्हती. २०१८ मध्ये आयगरांनीच 'डायरेक्ट टू कन्झ्युमर अँड इंटरनॅशनल' असं वेगळं खातं केव्हिन मेयर यांच्याकडे दिलं होतं. चेपेकांनी ते एक पाऊल पुढे नेलं इतकंच. फटके मात्र एकट्याने खाल्ले.

---

जुनाजाणता

एक पाऊल नव्हे, उडी. मेयर यांच्या खात्याकडे स्ट्रीमिंग होतं, पण स्टुडिओची वही स्टुडिओकडेच होती.

परिणाम बघा. जुलै २०२१ मध्ये 'ब्लॅक विडो' थिएटरात आणि डिस्नी प्लसवर (जादा पैसे भरून) एकाच वेळी आला. स्कार्लेट जोहान्सनच्या मानधनाचा मोठा भाग तिकीटबारीशी जोडलेला होता. तिने कोर्टात खेचलं. सप्टेंबरमध्ये तडजोड झाली. ज्यांनी वर्षानुवर्षं कलाकारांशी संबंध जपले त्यांच्याकडे निर्णय नव्हता, आणि ज्यांच्याकडे निर्णय होता त्यांना पुढच्या चित्रपटासाठी त्या कलाकाराला फोन करायचा नव्हता.

शिवाय नफ्या-तोट्याचं म्हणाल, तर २०२२ च्या जुलै-सप्टेंबर तिमाहीत स्ट्रीमिंगचा तोटा जवळजवळ १.५ अब्ज डॉलर होता. तीन महिन्यांचा.

---

चष्मिष

तो तोटा रचनेचा नाही, ग्राहकसंख्या वाढवायच्या स्पर्धेचा. तेव्हा जवळजवळ सगळेच जुने स्टुडिओ तोट्यात सेवा चालवत होते, कुठल्याही रचनेत. आणि आज डिस्नीचं स्ट्रीमिंग नफ्यात आलंय ते दरवाढ, जाहिरातींचा प्लॅन आणि पासवर्ड वाटण्यावरची बंदी यांमुळे. रचनेला फुकटचं श्रेय कशाला?

---

अश्विनी७

दोघांचं भांडण छान चाललंय, पण मला एक कळत नाही. आयगरांनी निर्णय परत स्टुडिओकडे दिला, मग स्ट्रीमिंगला माल कोण देतं?

---

मृण्मयी_के

अश्विनी, म्हणून तर वॉल्डन आणि बर्गमन एकाच खात्याचे जोडप्रमुख झाले. चित्रपट एकाकडे, टीव्ही दुसरीकडे, आणि स्ट्रीमिंग तेव्हा दोघांकडे मिळून. भांडण मिटलं नाही, ते एका खोलीत आणून बसवलं.

आता माझा अनुभव. मी एका मोठ्या करमणूक कंपनीत (डिस्नी नव्हे, नाव घेत नाही) बरीच वर्षं नियोजनात होते. आमच्याकडे निर्मिती एका साहेबाकडे आणि प्लॅटफॉर्म दुसऱ्याकडे अशी फोड झाली. निर्मितीवाल्यांचा वर्षाअखेरचा बोनस 'किती तास मजकूर वेळेत दिला' यावर. प्लॅटफॉर्मवाल्यांचा 'किती नवे ग्राहक आले' यावर. मालिका पडली की निर्मितीवाले म्हणायचे तुम्ही जाहिरात केली नाही, प्लॅटफॉर्मवाले म्हणायचे तुम्ही भिकार बनवली. आणि गंमत म्हणजे दोघांच्या कागदांप्रमाणे दोघंही बरोबर. त्या मालिकेचा तोटा कुणाच्याच तक्त्यात नव्हता! तो थेट सीईओच्या टेबलावर पोचायचा, तोही तिमाही संपल्यावर.

आतल्या दराची मारामारी म्हणाल तर ती बारमाही. आमच्या वाहिनीने आमच्याच स्टुडिओची मालिका घ्यायची तर काय भावाने? स्वस्तात दिली तर स्टुडिओ तोट्यात दिसतो आणि ज्यांना नफ्यात वाटा आहे ते लेखक-निर्माते भडकतात. महागात दिली तर वाहिनीप्रमुख म्हणतो, बाहेरची घेतो, स्वस्त पडते. या एका दरावर लोकांच्या बढत्या अडकलेल्या मी पाहिल्यात.

म्हणून पारव्याच्या मताशी मी अर्धी सहमत. पुष्कळ रीऑर्ग (फेरमांडण्या) खरंच व्हिजिटिंग कार्ड छापणाऱ्याच्या फायद्याचे असतात. वही हलली की नाही एवढं बघायचं. वही हलली नाही तर खुशाल झोपा.

---

बोका_दि_ग्रेट

"खुशाल झोपा" हे माझ्या अपेक्षेपेक्षा बरंच व्यावहारिक मार्गदर्शन निघालं. वाखुसा (वाचनखूण साठवली).

---

भाऊसाहेब_टी

सगळे जण स्ट्रीमिंगवर अडकलेत. मला स्पोर्ट्सचं विचारायचंय. ते वेगळं का काढलं? खेळही करमणूकच ना?

---

जुनाजाणता

भाऊसाहेब, तीन कारणं दिसतात. ईएसपीएन पूर्णपणे डिस्नीची कधीच नव्हती, हर्स्ट या माध्यम कंपनीचा २० टक्के हिस्सा आधीपासून होता. खर्चाची तऱ्हा वेगळी, मालिका आपण बनवतो पण सामने दुसऱ्याचे असतात, हक्क दर काही वर्षांनी लिलावात. आणि तिसरं, वेगळी वही असली की भागीदार आणता येतो. आयगरांनी २०२३ मध्ये ईएसपीएनसाठी भागीदार शोधतोय असं उघड सांगितलं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये एनएफएलला (अमेरिकन फुटबॉलची लीग) १० टक्के हिस्सा देण्याचा करार जाहीर झाला. त्याच महिन्यात केबलशिवाय थेट घेता येणारी ईएसपीएन सेवा आली, तेव्हा महिना २९.९९ डॉलर.

---

पिंपळावरचा_मुंजा

भागीदार तोच ज्याच्याकडून हक्क विकत घ्यायचे! उद्या त्या खेळातल्या घोटाळ्याची बातमी ईएसपीएनचा पत्रकार किती जोरात लावेल, हा वेगळ्या धाग्याचा विषय.

बाकी वेगळी वही ही बरेचदा दाराबाहेर काढण्याची पहिली पायरी असते. कॉमकास्टने नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्या बहुतेक केबल वाहिन्या वेगळ्या कंपनीत काढायचं जाहीर केलं. मरडॉक यांनी २०१३ मध्ये वर्तमानपत्रं एकीकडे आणि चित्रपट-टीव्ही दुसरीकडे अशी फाळणी केली. व्हायाकॉम आणि सीबीएस २००६ च्या सुरुवातीला वेगळे झाले आणि २०१९ अखेर पुन्हा लग्न केलं. एटी अँड टीने टाइम वॉर्नर २०१८ मध्ये ८५ अब्ज डॉलरना घेतली आणि २०२२ मध्ये डिस्कव्हरीच्या गळ्यात घातली.

---

अश्विनी७

या सगळ्यांपेक्षा सोनीचं बरं नाही का? चित्रपट, संगीत, प्लेस्टेशन सगळं आहे, पण अ‍ॅनिमेचं क्रंचीरोल सोडलं तर जगभर सर्वांसाठीची स्वतःची स्ट्रीमिंग सेवा काढायच्या फंदातच पडले नाहीत. चित्रपट बनवायचा, जो जास्त देईल त्याला विकायचा. बनवणारा-विकणारा भांडणाला जागाच नाही.

---

चष्मिष

भांडण नाही आणि ग्राहकही आपला नाही. उद्या घेणारे दोनच उरले तर भाव कोण ठरवणार?

---

भाऊसाहेब_टी

स्टार इंडियाचं काय झालं या रचनेत? फॉक्सबरोबर आली होती ना.

---

ताळेबंद

हो, २०१९ मध्ये. मालिका एका सेगमेंटमध्ये आणि क्रिकेट दुसऱ्यात अशी विभागलेली होती. २०२२ च्या लिलावात आयपीएलचे टीव्ही हक्क स्टारने २३,५७५ कोटींना राखले, डिजिटल मात्र व्हायाकॉम१८ कडे गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये दोघांची मिळून जिओस्टार झाली. डिस्नीचा हिस्सा ३६.८४ टक्के. म्हणजे आता तिथला महसूल डिस्नीच्या महसुलात धरला जात नाही, नफ्या-तोट्यातला हिस्सा तेवढा एका ओळीत येतो.

गंमत अशी की जिओस्टारने सुरुवातीला तीन सीईओ नेमले: करमणूक, डिजिटल, खेळ. म्हणजे इथे डिजिटल वेगळं, करमणूक वेगळी. डिस्नीने जे २०२३ मध्ये एकत्र केलं, ते त्यांच्याच भागीदारीत पुन्हा वेगळं बसलं.

---

उनाड_पारवा

सगळ्यांचे आभार. मत पूर्ण बदललेलं नाही, पण 'वही हलली का' ही कसोटी घेतो. तरी मूळ पहिली शंका राहिलीच. निकष काय? माल (चित्रपट, खेळ, पार्क)? देश? की ब्रँड? कारण पिक्सार, मार्व्हल, लुकासफिल्म ही नावं सेगमेंटमध्ये कुठेच दिसत नाहीत, आणि लोक तर त्याच नावांवर तिकीट काढतात.

---

मृण्मयी_के

ब्रँड एक मजला खाली असतात. पिक्सार २००६ मध्ये ७.४ अब्जला घेतली, तेव्हा तिला तिच्या गावी, तिच्या नावाने आणि तिच्या पद्धतीने राहू दिलं. २००९ मध्ये मार्व्हल आणि २०१२ मध्ये लुकासफिल्मलाही स्वतःचं नाव आणि स्वतःचे प्रमुख ठेवू दिले. काय बनवायचं ते ब्रँड ठरवतो. वितरण मात्र सामाईक. देश हा निकष पूर्वी ठळक होता, स्ट्रीमिंगने तो पुसट केला.

आणखी एक. आयगरांच्या आधीचे सीईओ मायकल आयस्नर यांच्या काळात मुख्यालयात 'स्ट्रॅटेजिक प्लॅनिंग' नावाचा विभाग होता. कुठल्याही खात्याचा मोठा प्रस्ताव त्यांच्या चाळणीतून जायचा, आणि बरेचदा चाळणीतच राहायचा. २००५ मध्ये आयगरांनी सूत्रं घेता घेता तो मोडला. हे कुठल्याही तक्त्यात सेगमेंट म्हणून दिसत नव्हतं, पण खरी सत्ता तिथे होती. म्हणून चौकटी बघून निकष शोधू नका. चित्रपट थिएटरातून कधी उतरवायचा यावर शेवटची सही कुणाची, ते शोधा.

---

ताळेबंद

आणि पार्कमध्ये तर मालकीचाच निकष लागत नाही. टोकियो डिस्नीलँड (१९८३) ओरिएंटल लँड कंपनीचं आहे, डिस्नीला रॉयल्टी मिळते. शांघायमध्ये ४३ टक्के. पॅरिस २०१७ मध्ये पूर्ण घेतलं. अबू धाबीचं जाहीर झालेलं पार्क मिराल ही तिथली कंपनी बांधणार, पैसेही त्यांचेच. चारही एकाच सेगमेंटमध्ये, पण जोखीम प्रत्येकाची वेगळी. नफ्याचा एक आकडा बघून 'पार्क चांगली चालतात' म्हणणं म्हणूनच धोक्याचं.

---

अश्विनी७

व्हिडिओ गेम कुठे मोडतात? २०२४ मध्ये एपिक गेम्समध्ये दीड अब्ज डॉलर घालायचं जाहीर केलं होतं ना?

---

ताळेबंद

गेमचं लायसन्सिंग २०२५ पर्यंत तरी बाहुल्यांच्याच शेजारी, एक्सपीरियन्सेसमध्ये होतं. स्वतः कन्सोल गेम प्रकाशित करणं त्यांनी २०१६ मध्ये बंद केलं.

---

चष्मिष

म्हणजे तेव्हा पडद्यावरचा मार्व्हल बर्गमनकडे आणि गेममधला मार्व्हल डमारोंकडे होता. पुढची फेरमांडणी इथेच होणार बघा. जुनाजाणता, लावता पैज?

---

जुनाजाणता

तुमच्याशी नाही. हरलात की म्हणाल रचनेला फुकटचं श्रेय कशाला.